दौलतरावांचा करा

आखाजी उद्यावर आली आणि रामरावाच्या घरात करा नव्हता.

ज्याला वऱ्हाडातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ठाऊक नाही, त्याला यात एवढं आभाळ कोसळण्यासारखं काय, ते कळायचं नाही. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एक कोरं मडकं पाण्यानं भरून ठेवतात. तोच करा. वर्षभर तहानलेला पितर त्या दिवशी येतो, पाणी पितो, पुरणपोळी खातो आणि पुढल्या सालापर्यंत घरच्यांच्या वाटेला जात नाही. रामरावाचे वडील दौलतराव दिवाळीनंतर गेले होते, म्हणजे ही त्यांची पहिलीच आखाजी. घरात डाळ होती, गूळ होता, आढीतले आंबे पिवळे पडत आले होते. पाणी कशात भरायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि प्रश्न रामरावानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतला होता. पळसोडी गावात कुंभाराचं घर एकच, उकंडाचं. उकंडाचं गाढव माघात रामरावाच्या गव्हात शिरलं. दुसऱ्या कोणी दोन शिव्या हासडून हाकललं असतं. रामरावानं त्याला कानाला धरून भर गावातून कोंडवाड्यात नेलं, आणि वाटेत भेटेल त्याला गाढवाच्या मालकाची सगळी कुळी ऐकवली. गाढव दुसऱ्या दिवशी सुटलं. ते विसरलंही असेल, पण उकंडा विसरला नव्हता.

"करे तं हायेत," अंगणभर मांडलेल्या मडक्यांमध्ये उभा राहून उकंडा म्हणाला, "पण सारे बोललेले हायेत."

"अबे, एवढ्यातला एक दे न मले!"

"तुमचा करा माह्या गाढवासंगं कोंडवाड्यात गेलता. तो अजून सुटला नाई, रामराव."

रामराव तणतणत घरी आला. फुलसावंगीचा बाजार कालच होऊन गेला होता. शेजाऱ्याकडे मागावं तर तासाभरात गावभर होणार की रामरावानं बापासाठी उसना करा आणला. आणि सगळ्यात मोठं संकट संध्याकाळच्या मोटारीनं केळापूरहून यायचं होतं. ते म्हणजे त्याची थोरली बहीण मैनाबाई.

मैनाबाईपुढे फौजदारानंही टोपी काढून बोलावं अशी बाई. तिनं आधीच सांगावा धाडला होता, 'आखाजीले येतो अन् जातानी बाबांची दमणी घेऊन जातो. बाबांनी मले कबूल केलती.' आता दमणी म्हणजे रामरावाचा जीव. हलकी, दोन चाकांची, रंगवलेल्या दांड्यांची. बैल जुंपले की रस्त्यावरच्या कोंबड्या आधी उडायच्या आणि मग धूळ. दौलतरावांच्या मागे ती आपल्याकडेच राहणार असं रामरावानं धरलं होतं, कारण बाबांनी त्यालाही कबूल केलं होतं. मैनाबाईशी तो भांडलाही असता. पण ज्याला बापाचा पहिला करा मिळवता आला नाही, त्यानं बापाच्या दमणीवर हक्क कोणत्या तोंडानं सांगायचा? करा नाही तर दमणी नाही, असा सरळ हिशेब होता.

तेव्हा रामरावाला पुसदचं प्रदर्शन आठवलं.

थंडीत पुसदला विकास गटाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं खादीच्या लुगड्यातली एक बाई चाकाशिवाय भांडी करून दाखवत होती. मातीचा गोळा घ्यायचा, मधोमध अंगठा खुपसायचा, आणि अंगठा आत, बोटं बाहेर अशी चिमटीनं माती दाबत गोळा फिरवत जायचा. भांडं आपोआप वर येतं, असं बाई म्हणाली होती. रामराव तिथं शेजारच्या मंडपातला फुकटचा चहा येईपर्यंत उभा होता. पण तेवढं ज्ञान त्याला आता ब्रह्मज्ञानासारखं वाटलं.

'ते बाई माणूस करते अन् मले जमणार नाई?' असं म्हणून त्यानं घमेलं उचललं आणि आपल्याच कपाशीच्या वावरातली काळी माती आणली. उकंडा तळ्यातला गाळ चाळून, मळून, भिजत घालून वापरतो, हे त्याला माहीत होतं. पण ज्या मातीत अशी कपाशी येते त्या मातीत एक मडकं येऊ नये, हे कोणत्याही शेतकऱ्याला पटायचं नाही. वैशाखात काळ्या वावराला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात, हे तो रोज पाहत होता. ते त्याला आठवलं नाही.

गोठ्यामागं बसून त्यानं गोळ्यात अंगठा खुपसला. अंगठा थेट पलीकडून बाहेर आला. दुसरा गोळा चिमटी घेता घेता ताटलीएवढा पसरला आणि मांडीवर बसला. तिसऱ्याच्या वेळी मात्र माती काय मनात आणून वर यायला लागली कोण जाणे. एका बाजूनं पोट सुटलं, दुसऱ्या बाजूनं खांदा पडला, मान काही येईना, म्हणून तोंड वाडग्यासारखं उघडंच राहिलं. रामरावानं ते लांब धरून पाहिलं. जवळ धरून पाहिलं. मग म्हणाला, "पाणी तं राहीन."

आपल्याकडचं वैशाखी ऊन म्हणजे भट्टीच. दुपारपर्यंत करा वाळला. मग त्यानं तो गोवऱ्यांत घालून पेटवून दिला.

"कायचा धूर होऊन राह्यला?" घरातून विमलनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"डासायचा!"

"उन्हात?"

"आता इचारत बसतं का डाळ निवडतं?"

विमलनं धुराकडे एकदा पाहिलं आणि ती आत वळली. कमी बोलणारी बाई. रामराव तिच्या गप्प बसण्याला होकार समजायचा, आणि त्यात त्याचं आजवर काही बिघडलं नव्हतं.

राखेतून करा निघाला तो अर्धा काळा, अर्धा तांबूस, आणि बुडाशी केसाएवढा तडा गेलेला. पण उभा. म्हणजे उभा नाहीच, गोल बुडामुळे डुलत होता. म्हणून रामरावानं देवघराशेजारी टोपलंभर वाळूची बैठक केली आणि करा तिच्यात रोवला. वाळूवर मडकं ठेवण्यात काहीच नवल नाही, सगळ्यांच्या घरी असतं. बूड झाकलं गेलं, तडा झाकला गेला. रामरावानं सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईनं करा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय हाय, रामा?"

"करा हाय, बाई."

"असा?"

"पुसदहून आणला. नवी तऱ्हा हाय."

"ह्याच्यावर तं बोटं उठून दिसून राह्यली!"

"ते नक्षी हाय."

"अन् एका अंगाले कलला काहून?"

"पुसदले आता सारे असेच ठेवतेत," रामराव म्हणाला. पुसदवाल्यांचं नाव घेतलं की पळसोडीत पुढं कोणी विचारत नसे. मैनाबाई मात्र घुश्शातच बसली. "उकंडाच्या घरून वाजतगाजत आणला असता तं शोभलं असतं. घरोघरी इचारतीन, मैनाबाईच्या बापाचा करा काहून वाकडा."

पितर म्हणून जेवायला धावजी नाईक आले. ते शेजारच्या तांड्यावरचे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन मुलूखभर हिंडलेले, धावजींनी मात्र शेती धरली होती. दौलतरावांचे ते जिवलग. दोघं त्या दमणीत बसून एकही जत्रा सोडत नसत. म्हाताऱ्याचे डोळे पाटावर बसल्याबसल्याच भरून आले.

करा काठोकाठ भरला. विमलनं त्याला भरायच्या आधीच आतून, काठाच्या जरा खाली, हळदीचं बोट ओढलं होतं. रामरावानं गंध-फूल वाहिलं. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा पाणी हळदीच्या रेषेखाली गेलं होतं.

पहिली किंकाळी मैनाबाईची.

"बाबा पाणी पेले!"

"याडी!" धावजी आपल्या बंजारा बोलीत आईचं नाव घेत पाटावरून अर्धे उठले. "दौलत आला! तो असाच पे. तांब्या वर धरला का खालीच करे!"

रामरावाला तत्काळ कळलं की बाबा कुठले, ही आपली काळी माती. तो तोंड उघडणार एवढ्यात मैनाबाई हुंदके देऊ लागली. तिला रडताना त्यानं पूर्वी पाहिलेलंच नव्हतं. "माह्या बाबाले केवढी तहान लागलती रे, रामा! लय चांगला करा आणला तुनं. मी उगंच बोलली." जन्मात पहिल्यांदा बहीण त्याला चांगलं म्हणत होती. आता कोणत्या तोंडानं सांगायचं की हा करा मीच गोठ्यामागं चिमट्या घेत बसवला? रामराव गप्प राहिला.

गप्पच राहिला असता तरी निभावलं असतं. पण माणसाची अक्कल अशा वेळी जास्तच चालते. त्यानं करा पुन्हा भरला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, तुमाले पटत असन तं पाणी घ्या. दमणी माह्याकडंच राहावी ना?"

सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले. पाणी रेषेखाली.

"पाह्यलं?" रामराव म्हणाला. "आता मी काय बोलू? बाबाच बोलले."

मैनाबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि हंडा उचलून करा काठोकाठ भरला. "बाबा, तुमी मले लग्नात काय म्हटलं होतं? दमणी मैनीचीच ना?"

पाणी रेषेखाली.

रामरावाचा चेहरा उतरला. तेवढ्यात धावजींनीही काठी टेकत करा भरायला लावला. "दौलतभिया, माहूरच्या जत्रेत तू मले काय बोललता? माह्या मागं दमणी तुलेच, असं बोललता का नाई?"

पाणी तर त्यांचं बोलणं संपायच्या आधीच खाली गेलं.

"आता हे कसं?" मैनाबाई चक्रावली. "तिघायलेही हो?"

धावजी हसले, डोळ्यांतून पाणी काढत हसले. "अरे, हाच तं दौलत! जितेपणी त्यानं कोणाले नाई म्हटलं काय? दारावर आलेल्या भांडेवालीलेही तो हो म्हणे, अन् मंग घरात भांडण लागे. मेल्यावर कायले बदलन तो?"

हे इतकं खरं होतं की आता करा खोटा आहे असं कोणी तांब्याच्या पत्र्यावर लिहून दिलं असतं तरी चाललं नसतं.

बातमी गावात जायला वेळ लागतो थोडाच! उन्हं कलायच्या आत ओटीवर रांग लागली. फुलचंद वाण्यानं विचारलं, "माह्या गाईले कालवड होईन ना?" हो. त्याच्याच भावानं विचारलं, "गोऱ्हा होईन ना?" हो. मोतीबाई म्हणाली, "माहा मालक दारू सोडन ना, बाबा?" हो. ती पाया पडून बाजूला होते न होते तोच मालकच पुढं झाला. "जराशी घेतली तं चालन ना, बाबा?" हो. नवराबायको दोघंही समाधानानं घरी गेले. घरोघरचे करे मात्र तसेच काठोकाठ भरलेले होते आणि लोक आपापल्या पितरांवर रागावू लागले. "आमचा म्हातारा जितेपणीही असाच आडमुठा होता," असं एकानं उघडच म्हटलं.

माती भिजत होती तसा करा जास्त जोमानं बोलत होता. संध्याकाळी तर प्रश्न अर्धा झाला की उत्तर तयार. "बाबायले आता जोर आला," लोक म्हणाले. खालच्या वाळूचा चिखल झाला होता, पण पितर आंघोळ करूनच आलेत म्हटल्यावर तेवढा ओलावा व्हायचाच, असं मैनाबाईनं सांगून टाकलं.

दमणीचा प्रश्न मात्र तसाच होता. मैनाबाई म्हणाली, "बाबांनी तिघायलेही दिली, तं वाटून घेऊ. चाकं मी नेतो."

"बैल माह्याकडं," धावजी म्हणाले. "ते मले वळखतेत."

"अन् मले काय?" रामराव किंचाळला.

"तू जू ठेव. तेही बाबांचंच हाय."

मैनाबाई बोलते ते करते. तिनं ओटीवरच्या दोन गड्यांना चाकाची खीळ काढायला धाडलंसुद्धा. दमणी एका अंगाला बसली तसं रामरावाच्या काळजाचंच चाक निखळलं. तो धावत जाऊन करा आणि लोक यांच्यामध्ये उभा राहिला.

"थांबा! हा करा पुसदचा नाई! म्या केला. माह्या हातानं, गोठ्यामागं बसून. वावरातल्या मातीचा. गळका हाय थो! बाबा-गिबा कोणी पाणी पीत नाई!"

ओटीवरचे सगळेच हसले.

"दमणी चालली तं याले आता कंठ फुटला," मैनाबाई म्हणाली. "लहानपणी साधा चिखलाचा बैल करता आला नाई तुले. पोळ्याले तुह्या बैलाले लोक डुक्कर म्हणत. अन् तू करा केला?"

"तं उकंडाले इचारा! मले करा नाई म्हणलता तो. त्याले हात पारखता येते!"

उकंडाला बोलावलं. तो आला, वाकला, करा डोळे बारीक करून पाहिला. त्या कलत्या खांद्याकडे, बोटांच्या खळग्यांकडे पाहून त्याच्या मिशा जराशा हलल्या. मग त्यानं ओटीवरच्या रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याच अंगणापर्यंत गेली होती.

"हा करा," उकंडा सावकाश म्हणाला, "माहाच हाय."

"अबे!" रामराव ओरडला.

"माह्या हाताची वळखण मले नाई तं कोणाले? कोण्याही मडक्यात पितर येत नाई, बावा. त्याले हात लागते. पुढल्या सालापासून सारे असेच करीन मी, एका अंगाले कलते. ज्याले पायजे त्यानं आत्ताच सांगून ठेवा."

चार-पाच जणांनी तिथंच सांगून ठेवले. मैनाबाईनं शेवटचा घाव घातला. करा भरून तिनं विचारलं, "बाबा, हा राम्या खोटं बोलून राह्यला ना?" पाणी सर्रकन खाली गेलं.

रामरावानं तिच्या हातून हंडा हिसकला. "बाबा, मी खरं बोलून राह्यलो ना?" पाणी त्याहून सर्रकन गेलं.

लोक खूश झाले. रामराव भिंतीला टेकून मटकन बसला. स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला तो. आयुष्यात या हातांनी केलेली एकच वस्तू, तीही ज्यासाठी केली तेच घालवायला निघाली होती. दमणी जाणार. उद्यापासून बैलबंडीत बसून जत्रेला जायचं आणि केळापूरची दमणी घुंगरं वाजवत शेजारून निघून जाताना पाहायची.

"मी इचारू काय मामंजीले एक गोष्ट?"

सगळ्यांनी मागं पाहिलं. विमल दिवसभरात पहिल्यांदाच बोलली होती. पोळ्या लाटून तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते. सुनेनं कधी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिला नाही कसं म्हणायचं तेही कोणाला सुचलं नाही.

तिनं करा भरला. डोळे मिटले नाहीत. करा नीट पाहिला, मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मामंजी, दमणीचा एक खिळाही कोणाले देऊ नये. ते याच घरी राहावी, अन् घरच्या सुनेच्या हुकमात राहावी. पटत असन तं सारं पाणी घ्या, अन् परत कोणाले काही सांगू नका."

करा थरथरला. सुटलेलं पोट आत गेलं, पडलेला खांदा आणखी पडला, आणि दिवसभर पाणी प्यालेली ती काळी माती भस्सकन खाली बसली. पाणी, हळद, फुलं, सगळं वाळूत गेलं. चिखलाचा एक ढीग तेवढा उरला.

एवढ्या जोरात 'हो' दौलतराव जितेपणीही कधी म्हणाले नव्हते. मैनाबाईनं ढिगाला हात जोडले. "झालं," ती म्हणाली, "बाबांनी करासुद्धा उचलून नेला. आता कोणाले इचारायचं?" आणि तिनं चाकाची खीळ परत ठोकायला सांगितली.

रामरावाचा आनंद गगनात मावेना. दमणी राहिली! त्या रात्री तो तिच्यातच झोपला. सकाळी जाग आली ती विमलच्या हाकेनं. ती नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन उभी होती. धावजी नाईक बैल जुंपत होते. मैनाबाई मागच्या बाजूला चढत होती.

"उठा, खाली उतरा," विमल म्हणाली. "बाईले मोटारीवर सोडून तशीच माहेरी जातो. धावजीमामा हाकतेत. जत्रा करूनच येऊ."

"अन् मी?" रामराव धडपडत उतरला.

विमल दमणीत बसली. घुंगरं वाजली. ती जरा पुढं वाकून, मैनाबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुमी घरी राहा. देवघराजवळचा चिखल काढा, त्याच्यात तूस कालवा अन् मले एक नवी चूल घालून ठेवा. गोठ्यामागं बसलं का तुमचा हात चांगला चालते, म्या पाह्यलं हाय."